साडेचार आणे म्हणजे किती

१९६७ सालच्या नोव्हेंबरातल्या एका रविवारी भोरला भातगिरणीच्या कचेरीत माझ्या हाती पंचाहत्तर रुपये रोख देण्यात आले. त्या वेळी हजर होते ते रक्कम देणारे गिरणीचे मालक, भोरच्या शाळेचे मुख्याध्यापक, वेल्ह्याच्या शाळेचे मुख्याध्यापक आणि मी. या दोन शाळांच्या मुलांमध्ये पुस्तकांवरच्या प्रश्नोत्तरांची स्पर्धा घ्यायची होती. प्रत्येक शाळेची तीन मुलं, आणि जिंकतील त्या तिघांना पंचवीस-पंचवीस रुपये.

मी तेव्हा वेल्ह्याच्या सहकारी सोसायटीचा सेक्रेटरी होतो. भोर तालुक्यातलाच, पण नोकरीमुळे बिऱ्हाड वेल्ह्याला. माझ्या हिशेबात पै चुकत नाही, असं लोक म्हणत. त्यात कौतुक थोडं आणि चेष्टा जास्त असे, पण पैसे ठेवायची वेळ आली की ते माझ्याकडेच येत. स्पर्धेसाठी तीन पुस्तकं नेमली होती: एका फिरत्या कासाराची जुनी कादंबरी, एक प्रवासवर्णन आणि पाणी-हवा-माती यांची माहिती देणारं एक लहान पुस्तक. प्रश्न काढायचं काम भोरच्या एका निवृत्त गुरुजींकडे दिलं होतं. त्यांनी सांगून टाकलं होतं की कागदावर काही लिहिणार नाही, प्रश्न आयत्या वेळी तोंडी विचारीन.

इथपर्यंत सगळं सरळ होतं. पुढच्याच आठवड्यात वेल्ह्याचे मुख्याध्यापक माझ्याकडे आले.

“भाऊसाहेब, आमचे मराठीचे सर बदलून गेले. नवे कधी येतील ते येतील. ही तिन्ही पुस्तकं वाचलेला माणूस वेल्ह्यात तुमच्याशिवाय कोण आहे? मुलांची तयारी तुम्ही करून घ्या.”

“बक्षिसाचे पैसे माझ्याकडे आहेत,” मी म्हटलं. “पैसे सांभाळणाऱ्यानंच एका बाजूची तयारी करून घ्यायची, हे दिसायला बरं नाही.”

मी भोरला जाऊन गिरणीच्या मालकांना विचारलं. भोरचे मुख्याध्यापकही तिथे बसले होते. मालक हसले. “पैसे तुमच्याकडं, प्रश्न गुरुजींकडं. तुमी काय नोटांना उत्तरं इचारनार हाय का?” मुख्याध्यापक हसले नाहीत. “ठीक आहे,” एवढंच म्हणाले आणि तपासनीस रोजकीर्द बघतो तसं माझ्याकडे बघितलं. आपल्यावर नजर राहणार हे मी तेव्हाच धरून चाललो. मग मीही माझी नजर उघडी ठेवली.

आमची तीन मुलं अशी. एक वेल्ह्यातल्या वाण्याचा मुलगा, चुरचुरीत बोलणारा. दुसरा वरच्या धनगरवाड्यातला. त्याच्या घरी शेळ्या-मेंढ्या होत्या आणि तो पुस्तक वाचायचा तो रानात. उत्तर आलं नाही की म्हणायचा, “त्या पानाला बकरू पळालं व्हतं.” तिसरी मुलगी, अकरावीतली, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकच्या वर्गातली. तिचं घर पालीच्या बाजूला, बौद्धवस्तीत. वडील गवंडी. त्या वर्षी त्यांचं काम भोरला चाललं होतं. तिघांत तिचं वाचन पक्कं होतं. बोलायची मात्र मोजकं.

तयारी सुरू झाली त्या संध्याकाळी तिचे वडील सोसायटीच्या दारात येऊन उभे राहिले. हाताला अजून चुना होता.

“भाऊसाहेब, तुमाला एक सांगून ठिवतो,” ते म्हणाले. “म्याट्रिकचा फारम नाताळच्या आदी भरायचा हाय. पोरीनं ह्ये बक्षीस आनलं तर फारम भरू. न्हाई आनलं तर पुढल्या साली बघू.”

“पुढल्या साली नक्की का?”

“पुढल्या साली तिच्या मागची दोन शाळंत जात्याल. मग कुटलं नक्की? तिलाबी ठावं हाय ते.”

मुलगी खताच्या पोत्यावर बसून ऐकत होती. तिने मान वर केली नाही. फॉर्म आणि फी मिळून रक्कम पंचवीसच्या आत बसत होती. म्हणजे ही स्पर्धा इतर दोघांना गंमत होती, तिला नव्हती.

आम्ही सोसायटी बंद झाल्यावर तिथेच बसत असू. मुलं पोत्यांवर, मी टेबलाशी. मला गोष्टीतला रस वगैरे शिकवता येत नाही. मी पुस्तक वाचतो तसंच विचारतो: कोण, कुठे, किती, केवढ्याला. कासाराच्या तट्टूच्या पाठीवर गोणपाट किती घड्यांचं होतं, नदी ओलांडताना त्याने आधी पेटी उतरवली की पोतडी, असले प्रश्न. आणि पहिल्याच दिवशी मी सांगितलं, “काही लिहून घ्यायचं नाही. कागद एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जातो. सगळं डोक्यात ठेवा.”

कादंबरीची आमच्या शाळेतली प्रत मी आधी पानं मोजूनच घेतली होती. ऐंशीव्या पानानंतर एकदम सत्त्याण्णवावं पान येत होतं. मधली सोळा पानं, छापखान्याच्या भाषेत एक फॉर्मा, पुन्हा बांधणी करताना बांधणाऱ्याने घातलीच नव्हती. दुसरी प्रत आसपास एकच, ती भोरच्या शाळेत. मी भोरच्या मुख्याध्यापकांना विचारलं, दोन दिवस द्याल का. ते म्हणाले, “आमची मुलं वाचतायत.” स्पर्धेला महिना होता आणि सोळा पानं वाचायला दुपार पुरते. पण प्रत त्यांची होती. मुलांना सांगितलं, “या पानांतला प्रश्न आला तर ‘येत नाही’ म्हणायचं. अंदाज करायचा नाही.”

एके दिवशी किमतींचे प्रश्न चालले होते.

“पहिल्या बाजारात कासार हिरव्या बांगड्यांचा डझन केवढ्याला देतो?”

“साडेचार आन्याला,” मुलगी म्हणाली.

“अठ्ठावीस पैसे,” मी म्हटलं.

“पुस्तकात आने हायेत, भाऊसाहेब.”

“पुस्तक जुनं आहे. दशमान नाणी येऊन दहा वर्षं झाली. आण्यात बोललात तर उद्या कुठे नोकरीला ठेवणार नाही कुणी. अठ्ठावीस म्हणायचं.”

“अठ्ठावीस,” दोन्ही मुलगे म्हणाले. मुलगी जरा थांबून म्हणाली.

माझा हात त्या कामात बसला होता. सोसायटीच्या जुन्या खात्यांवरची आण्यातली येणी मी वर्षानुवर्षं पैशात उतरवत होतो. आणे दिसले की माझ्या तोंडून पैसेच येत. बाजारात बाया अजून आण्यातच भाव करतात हे मला माहीत होतं, पण मी त्यांनाही पैशातच उत्तर देत असे आणि त्या मला हसत.

डिसेंबर लागल्यावर बँकेच्या कामासाठी मी भोरला गेलो. परत गाडीकडे येताना त्यांच्या शाळेवरून आलो. व्हरांड्यात त्यांची तिन्ही मुलं तयारी करत होती, दोन मुलगे आणि लाल रिबिनी बांधलेली एक मुलगी. एक मुलगा विचारत होता, “तट्टूच्या पाठीवरचं गोणपाट किती घड्यांचं?” आणि दुसरा म्हणाला, “चार.”

मी तिथेच थांबलो. हा प्रश्न माझा होता. गोणपाटाच्या घड्या पुस्तकात एका ओळीत येऊन जातात. दुसरा कोणीही माणूस त्यावर प्रश्न काढणार नाही. मी पायऱ्या चढून विचारायला गेलो नाही. विचारलं असतं तर त्यांना कळलं असतं की मला कळलंय.

घरी येईपर्यंत माझा हिशेब झाला होता. आमच्यातून कोणीतरी सांगतंय. धनगराचा मुलगा शाळा सुटली की डोंगर चढतो, तो भोरला जात नाही. वाणी दर आठवड्याला माल आणायला भोरला जातो आणि मुलगा कधीकधी त्याच्याबरोबर असतो. दुसऱ्या दिवशी मी त्याला आडून आडून विचारायला लागलो. भोरला कोणाकडे उतरता, तिथल्या शाळेत कोणी ओळखीचं आहे का.

तो पोरगा हुशार. त्याला लगेच समजलं. “भाऊसाहेब, बाबा भोरला जात्यात ते गूळ आनाया. तितं कासाराच्या गोनपाटाच्या घड्या कोन इकत घेतंय?”

“मी गोणपाट कुठे म्हटलं?”

“तुमी न्हाई म्हनला. पन तुमचं सगळे प्रश्न तसलेच असत्यात.”

धनगराचा मुलगा हसला. मुलगी हसली नाही. मी नवे प्रश्न काढणं त्या दिवसापासून बंद केलं. जुनेच फिरवून फिरवून विचारू लागलो आणि उत्तराकडे कमी, तोंडाकडे जास्त बघू लागलो.

आमच्या घरातूनही यावर टीका झाली. कचेरीच्या मागेच आमच्या दोन खोल्या होत्या आणि मुलांना चहा घरातून जाई. “अहो, पोरं पुस्तक शिकायला येतात का चौकीवर हजेरी द्यायला?” बायको म्हणाली. “आज ती पोरगी चहा न घेता गेली. तुम्ही तिच्याकडे असं बघत होतात, जशी काही ती बशी चोरून नेते.”

“मी वाण्याच्या पोराकडे बघत होतो.”

“तुमचं बघणं सगळ्यांना सारखंच लागतं. ती बिचारी दर रविवारी बापाबरोबर भोरला जाते, मावशीकडे. तिथून थकून येते, आणि सोमवारी तुमच्यासमोर बसते.”

हे मी ऐकलं. पण माझं सगळं लक्ष गुळावर होतं.

स्पर्धेच्या दिवशी आम्ही सकाळच्या एस.टी.ने नसरापूरला आलो, तिथून हमरस्त्याने कामथडीवरून कापूरहोळ, आणि तिथे गाडी बदलून भोर. मुलीचे वडील कामावरून थेट शाळेत आले होते. आत बसा म्हटलं तर खिडकीबाहेरच उभे राहिले.

दोन वर्गांमधली लाकडी फळी काढून मोठी खोली केली होती. गुरुजी मध्ये बसले, पुढ्यात तीन पुस्तकं. एक प्रश्न आम्हाला, एक त्यांना. पहिल्या फेऱ्यांत दोन्ही बाजू सारख्या चालल्या. धनगराच्या मुलाने प्रवासवर्णनातल्या घाटाचं उत्तर असं दिलं, की गुरुजींनी चष्मा काढून त्याच्याकडे बघितलं. त्यांच्या मुलांनी दोनदा माझ्या प्रश्नांसारख्या प्रश्नांची उत्तरं झटकन दिली. मी मनात नोंद घेत होतो.

मग गुरुजींनी आम्हाला विचारलं, “कासाराचं तट्टू शेवटी कुणाच्या दारात राहिलं?”

हा प्रश्न गहाळ सोळा पानांतला असणार, हे मला लगेच कळलं. कारण ऐंशीव्या पानावर तट्टू कासाराबरोबर आहे आणि सत्त्याण्णवाव्या पानावर तो चालत निघालाय. तो गुण मी सोडून दिला. मुलगी उभी राहिली.

“नावाड्याच्या. पन इकलं नव्हतं. सांबाळायला ठिवलं व्हतं, पाऊसकाळ सरल्यावर न्यायाचं ठरलं व्हतं.”

“बरोबर,” गुरुजी म्हणाले. “आणि पुरं.”

टाळ्या पडल्या. मी वाजवल्या नाहीत. समोरून भोरचे मुख्याध्यापक माझ्याकडे बघत होते आणि ते काय मोजत होते ते मला समजत होतं. आमच्या प्रतीत ती पानं नाहीत, हे मीच त्यांना सांगितलं होतं.

शेवटच्या फेरीला दोन्ही बाजूंचे गुण सारखे होते. या फेरीत चुकलेला प्रश्न दुसऱ्या बाजूला जायचा नव्हता. आमचं उत्तर बरोबर आलं. शेवटचा प्रश्न त्यांचा.

“पहिल्या बाजारात हिरव्या बांगड्यांचा डझन केवढ्याला?”

त्यांच्या बाजूने लाल रिबिनींची मुलगी उठली. तिने एकदा आमच्या बाकाकडे बघितलं. मग म्हणाली, “अठ्ठावीस पैसे.”

गुरुजींनी पान काढून बघितलं. “इथे साडेचार आणे आहे. तुम्ही पैसे कुठल्या बाजारातून आणलेत?”

लोक हसले. गुरुजींनी उत्तर चूक धरलं. वेल्ह्याच्या शाळेने आयुष्यात पहिल्यांदा भोरच्या शाळेला काही बाबतीत हरवलं होतं, आणि आमचे मुख्याध्यापक टाळ्या वाजवत उभे राहिले. मी मात्र बसून होतो. ‘अठ्ठावीस पैसे’ हे शब्द माझ्या कचेरीतून, त्या खताच्या पोत्यांवरून निघून इथवर आले होते. आता त्यात शंकेला जागा नव्हती.

भोरचे मुख्याध्यापक उठले. “माझे दोन आक्षेप आहेत,” ते म्हणाले, “आणि ते सर्वांसमोर नकोत.”

गुरुजींनी आम्हाला शेजारच्या खोलीत नेलं. गुरुजी, मालक, दोन्ही मुख्याध्यापक आणि मी.

“पहिला आक्षेप. वेल्ह्याच्या प्रतीत ती सोळा पानंच नाहीत. या गृहस्थांनी माझ्याकडे आमची प्रत मागितली होती, मी दिली नाही. मग तट्टूचं उत्तर त्यांच्या मुलीला आलं कुठून? प्रश्न फुटले आहेत.”

“प्रश्न माझ्या डोक्यात होते,” गुरुजी म्हणाले. “ते फुटलेलं दिसतंय का तुम्हाला?”

“मी कुणाचं नाव घेत नाही. पण पैसे ज्यांच्याकडे, मुलंही त्यांचीच.”

यावर सगळे माझ्याकडे बघू लागले. मी म्हटलं, “तट्टूचं मला सांगता येत नाही. मलाही ते आजच कळलं. पण ‘अठ्ठावीस पैसे’ कुठून आलं ते सांगता येतं. ते कुठल्याही प्रतीत नाही. ते माझं आहे. मी माझ्या मुलांना शिकवलेलं. तुमच्या मुलीच्या तोंडी ते कसं आलं, हे आधी तिला विचारू, म्हणजे तट्टूचंही कळेल.”

दोन्ही मुलींना आत बोलावलं. दोघी शेजारी शेजारी उभ्या राहिल्या आणि तेव्हा मला दिसलं की त्यांच्या कपाळाची ठेवण एक आहे.

मग आमची म्हणाली, “ही माजी मावसबहीन. ऐतवारी बाबा हितं कामावर येत्यात, म्या संगं येते. हिच्याकडं आक्कं पुस्तक व्हतं. हिनं मला ती पानं वाचून दावली.”

“फुकट?” मी विचारलं.

“न्हाई. एका पानाला एक प्रश्न. तुमचा.”

“सोळा पानं झाली, सोळा प्रश्न झालं,” रिबिनीवाली म्हणाली. “म्या सतरावा मागितला तर म्हनली, पान कुठाय?”

मालकांना खोकला आला. भोरचे मुख्याध्यापक तिच्याकडे वळले. “आणि हे प्रश्न तू स्वतः काढलेस म्हणून मला सांगितलंस?”

“तुमी इचारलंच न्हाई, सर. तुमी शाब्बास म्हनला.”

गुरुजींनी पुस्तक मिटलं. “पुस्तक दुसऱ्याला वाचून दाखवणं हा गुन्हा असेल, तर मी चाळीस वर्षं तुरुंगात हवा होतो. तट्टूचं उत्तर राहील. तुमचा दुसरा आक्षेप?”

“दुसरा सोपा आहे,” मुख्याध्यापक म्हणाले. “साडेचार आणे आणि अठ्ठावीस पैसे ही एकच रक्कम. आमचं उत्तर बरोबर आहे. बरोबरी झाली आहे.”

गुरुजींना हिशेबाची आवड नव्हती. त्यांनी मालकांकडे बघितलं. मालकांनी माझ्याकडे. “सेक्रेटरी, ह्ये तुमचं खातं. साडेचार आने म्हंजे किती?”

आमचे मुख्याध्यापक माझ्या डोळ्याला डोळा भिडवून उभे होते. ‘पुस्तकात आहे तेच उत्तर’ एवढं म्हटलं की काम भागत होतं, आणि ते म्हणायला आधार होता. गुरुजींनी स्वतःच तसं ठरवलं होतं. बरोबरी झाली तर पंचाहत्तरचे सहा वाटे होणार होते, साडेबारा-साडेबारा. खिडकीतून मुलीच्या वडिलांचा अर्धा खांदा दिसत होता.

“तक्त्याप्रमाणे अठ्ठावीस,” मी म्हटलं. “काटेकोर बघायचं तर वर पैशाचा आठवा हिस्सा, पण तो कोणी देत नाही आणि कोणी मागत नाही. माझ्या टेबलावर साडेचार आणे येणं असेल तर मी अठ्ठावीस पैसे घेऊन पावती देतो.”

“म्हणजे उत्तर बरोबर?”

“माझ्या मुलांनी हेच उत्तर दिलं असतं आणि गुरुजींनी चूक धरलं असतं, तर मी याच खोलीत भांडलो असतो. म्हणून बरोबर.”

“भाऊसाहेब, तुम्ही नक्की कोणाचे?” आमचे मुख्याध्यापक म्हणाले. दोघी मुलींनी एकमेकींकडे बघितलं. ती नजर मला जिंकल्याची वाटली नाही आणि बरोबरीचीही वाटली नाही. काहीतरी केलेलं फुकट जावं, तशी ती होती. त्याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही.

बरोबरी जाहीर झाली. बाहेर मुलीच्या वडिलांनी मला सरळ विचारलं, “साडेबारा? आर्द्या पैशात आर्दा फारम भरून घेत्यात का?”

“नाही.”

“मग झालं,” ते म्हणाले आणि कामावर निघून गेले.

परतीला कापूरहोळला गाडीची वाट बघत आम्ही उभे होतो. मुलगे समोरच्या हॉटेलात भजी खात होते. मुलगी रस्त्याकडे तोंड करून दगडावर बसली होती. मी तिच्याजवळ गेलो.

“पुस्तकात आणे आहेत हे तुला ठाऊक होतं. तूच मला म्हणाली होतीस. मग बहिणीला पैसे का सांगितलेस?”

“तुमचं प्रश्न द्यायचं ठरलं व्हतं, भाऊसाहेब. म्या तुमचंच उत्तर दिलं.”

“आणि तोच प्रश्न तुला आला असता तर तू काय सांगितलं असतंस?”

तिने रस्त्याकडे बघितलं. “आपली गाडी आली,” ती म्हणाली. गाडी खरंच येत होती, पण ती अजून बरीच लांब होती.

म्हणजे हिनं जाणून आपल्या बहिणीला चुकीचं उत्तर विकलं, असं मी धरलं. वेल्ह्याला येईपर्यंत माझा तोच समज होता आणि मी तिच्याशी आणखी बोललो नाही.

पुढच्या रविवारी भोरच्या मुलांचे पैसे द्यायला मी गेलो. दोन्ही मुलग्यांनी सह्या करून साडेबारा-साडेबारा घेतले. तिसरीच्या घरी गेलो तर ती आईबरोबर दारातच बसली होती. मी पैसे पुढे केले.

“माजं तिला द्या,” ती म्हणाली.

“कोणाला?”

“माज्या बहिनीला. तिचा फारम ऱ्हायलाय. माजं म्याट्रिक पुढल्या साली हाय.”

मी पैसे हातातच ठेवले. “तुझ्याकडे अख्खं पुस्तक होतं. त्यात साडेचार आणे लिहिलेलं तू वाचलं नव्हतंस?”

“धा येळा वाचलंय.”

“मग अठ्ठावीस का म्हणालीस?”

ती रिबीन सोडून पुन्हा बांधायला लागली. मला त्या खोलीतली दोघींची नजर आठवली. आमचीने चुकीचं उत्तर विकलं नव्हतं कदाचित. हिनेच ते ओळखून घेतलं असेल, ठेवून दिलं असेल, आणि नेमक्या वेळी उभं राहून म्हटलं असेल. तसं असेल तर मी ‘बरोबर’ म्हणून त्यांचं सगळं मोडलं होतं. किंवा तसं काहीच नसेल, आणि तिला उभं राहिल्यावर माझंच उत्तर आधी आठवलं असेल.

“हे तुमचं आधीच ठरलं होतं का?” मी विचारलं.

“भाऊसाहेब,” तिची आई म्हणाली, “तुमी पैसं द्यायला आलाय का पंचनाम्याला?”

“दोन्हीला,” मी म्हटलं. “ताई, मुलीचे पैसे दुसरीकडे द्यायला तुमची हरकत नाही ना?”

“माज्या बहिनीच्या पोरीला ‘दुसरीकडं’ म्हनत न्हाईत आमच्यात. द्या तिला.”

मी मुलीची सही घेतली आणि खाली आईचा अंगठा. ठरलं होतं की नव्हतं, ते मला त्यानंतरही कोणी सांगितलं नाही. पालीहून आमच्या मुलीचे वडील कधी सोसायटीत येतात तेव्हा मी विषय काढून बघतो. ते म्हणतात, “पोरींचा हिशेब पोरींना ठावं.” शाळेची प्रत अजून तशीच आहे, ऐंशीनंतर सत्त्याण्णव.

त्या पंचाहत्तर रुपयांचं शेवटी झालं ते असं. वाण्याच्या मुलाला, धनगरवाड्यातल्या मुलाला आणि भोरच्या दोघा मुलग्यांना प्रत्येकी साडेबारा रुपये, सही घेऊन. उरलेले पंचवीस रुपये, नाताळच्या सुट्टीआधी, गवंड्याच्या समक्ष, त्याच्या मुलीच्या परीक्षेच्या फॉर्मापोटी आणि फीपोटी वेल्ह्याच्या मुख्याध्यापकांना दिले.